एन्ड्युरन्स शर्यती आणि त्यांतील गाड्यांचे वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडील मोटारशर्यतींच्या चाहत्यांच्या गप्पांत ले मान्सचा, म्हणजे फ्रान्समधील चोवीस तासांच्या मोटारशर्यतीचा, विषय निघतो आणि दरवर्षी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. फॉर्म्युला वन नियमाने पाहणारी मंडळीही या शर्यतीपुढे गोंधळतात, कारण पडद्यावर एकाच वेळी साठ-बासष्ट गाड्या दिसतात, त्या तीन वेगवेगळ्या वेगांनी धावत असतात, आणि पुढे दिसणारी गाडी पुढेच आहे याची खात्री देता येत नाही. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

बहुवर्गीय एन्ड्युरन्स शर्यत म्हणजे नेमके काय?

ठरावीक अंतर सर्वांत आधी कापणारा जिंकतो, अशी नेहमीच्या शर्यतीची रीत असते. एन्ड्युरन्स शर्यतीत वेळ ठरलेला असतो, म्हणजे सहा, आठ, बारा किंवा चोवीस तास, आणि तेवढ्या वेळात ज्या गाडीने सर्वांत जास्त फेऱ्या पूर्ण केल्या ती जिंकते. (काही शर्यतींना अंतराचीही मर्यादा असते, पण त्या थोड्या.) एका गाडीवर दोन, तीन किंवा चार चालक असतात आणि ते आळीपाळीने गाडी चालवतात.

‘बहुवर्गीय’ हा दुसरा भाग समजण्यासाठी बैलगाडा शर्यत डोळ्यांसमोर आणावी. तेथे आदत, दुसा-चौसा आणि ओपन असे गट असतात आणि प्रत्येक गटाच्या फेऱ्या स्वतंत्र होतात. आदत खोंडाला मुरलेल्या बैलाशेजारी कोणी जुंपत नाही. मोटारींच्या या शर्यतीत मात्र सगळे गट एकाच वेळी, एकाच रस्त्यावर सोडलेले असतात. प्रत्येक गटाचा विजेता वेगळा, चषक वेगळा, गुणतक्ता वेगळा. रस्ता तेवढा सामाईक. या शर्यतीचे सारे कौशल्य, सारी रंगत आणि बहुतेक अपघात त्या सामाईक रस्त्यातूनच जन्माला येतात.

वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकत्र पळवण्याचा खटाटोप कशासाठी?

याचे मूळ इतिहासात आहे. ले मान्सची पहिली चोवीस तासांची शर्यत २६ आणि २७ मे १९२३ रोजी झाली. गाडी किती पळते यापेक्षा ती किती टिकते, तिचे दिवे रात्रभर चालतात का, हे त्या काळच्या कारखानदारांना लोकांसमोर सिद्ध करायचे होते. लहान इंजिनाच्या आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्या तेव्हाही एकत्रच धावल्या. त्या वर्षी आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांच्या शनार-वॉकर गाडीने चोवीस तासांत सुमारे २,२०९ किमी अंतर कापले. पुढे २०१० साली आउडीने ५,४१० किमीचा टप्पा गाठला. या दोन आकड्यांमध्ये मोटारीचा बराचसा इतिहास येऊन जातो.

दुसरे कारण पैशाचे आहे. सर्वांत वेगवान गाडी बनवणे हे मोजक्या कंपन्यांनाच परवडते आणि तेवढ्या पंधरा-वीस गाड्यांनी तेरा किलोमीटरचा रस्ता भरत नाही. खाजगी संघ, हौशी धनिक आणि तरुण चालक यांना खालच्या वर्गांत जागा मिळते आणि त्यांच्या येण्याने शर्यतीलाही भरगच्चपणा येतो.

ले मान्सला सध्या कोणते वर्ग धावतात?

तीन. सर्वांत वर हायपरकार, मध्ये एलएमपी२ आणि खाली एलएमजीटी३. यांपैकी पहिल्या दोन वर्गांतील गाड्या प्रोटोटाइप असतात, म्हणजे केवळ शर्यतीसाठीच बनवलेल्या असतात, तर तिसऱ्या वर्गातील गाड्या विक्रीच्या गाडीवरून तयार केलेल्या असतात. २०२५ च्या शर्यतीत २१ हायपरकार, १७ एलएमपी२ आणि २४ एलएमजीटी३ अशा ६२ गाड्या होत्या.

ले मान्स ही जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेची, म्हणजे २०१२ पासून भरणाऱ्या डब्ल्यूईसी मालिकेची, एक फेरी आहे. याच मालिकेत इमोला, स्पा, फुजी, बहरीन येथेही शर्यती होतात; पण २०२४ पासून त्या ठिकाणी हायपरकार आणि एलएमजीटी३ हे दोनच वर्ग धावतात. या मालिकेत एलएमपी२ केवळ ले मान्सपुरता उरला आहे. या वर्गातले संघ आता युरोपीय आणि आशियाई मालिकांत अधिक दिसतात.

जुन्या लेखांत एलएमपी१ आणि एलएमजीटीई ही नावे आढळतील. एलएमपी१ ची जागा २०२१ मध्ये हायपरकारने घेतली आणि जीटीईची जागा २०२४ मध्ये एलएमजीटी३ ने घेतली.

हायपरकार वर्गात एलएमएच आणि एलएमडीएच अशी दोन नावे ऐकू येतात. फरक काय?

दोन्ही गाड्या एकाच वर्गात आणि एकाच चषकासाठी धावतात. फरक गाडी कशी बनवली यात आहे. एलएमएचमध्ये कंपनी आपली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, स्वतः बनवते, इंजिन स्वतःचे आणते आणि हायब्रिड यंत्रणा, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर, बसवायची की नाही हेही स्वतः ठरवते. बसवली तर विजेची मोटर पुढच्या चाकांना जोडली जाते, त्यामुळे ठरलेल्या वेगाच्या पुढे गाडी चारही चाकांनी ओढली जाते. फेरारी ४९९पी, टोयोटा जीआर०१० आणि पेजो ९एक्स८ या अशा गाड्या आहेत. ॲस्टन मार्टिन वाल्किरी याच नियमांत बसते, पण तिला हायब्रिड यंत्रणा नाही. तिच्यात साडेसहा लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन आहे, आणि तिचा आवाज ज्याने एकदा ऐकला त्याला बाकीच्या गाड्या शिवणयंत्रासारख्या वाटू लागतात.

एलएमडीएच हा काटकसरीचा मार्ग आहे. दालारा, लिजिए, मल्टिमॅटिक आणि ओरेका या चार कारखान्यांपैकी एकाकडून चॅसी घ्यायची, सर्वांसाठी सारखीच असलेली हायब्रिड यंत्रणा आणि गिअरबॉक्स बसवायचा, आणि इंजिन व बाह्यांग तेवढे आपले ठेवायचे. पोर्श ९६३, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू आणि आल्पीन यांनी हा मार्ग पत्करला. येथे विजेची मोटर मागच्या चाकांना मदत करते.

नियमाची मूळ चौकट दोघांनाही सारखीच आहे : किमान वजन १,०३० किलो आणि जास्तीत जास्त शक्ती ५०० किलोवॉट, म्हणजे सुमारे ६७० अश्वशक्ती. हायब्रिड मोटर चालू झाली म्हणून एकूण शक्ती वाढत नाही. मोटरने जेवढे दिले तेवढे इंजिनाने कमी द्यायचे असते, आणि चाकांच्या आसांवर बसवलेले सेन्सर त्यावर क्षणाक्षणाला लक्ष ठेवतात.

एलएमपी२ ही हायपरकारची लहान भावंडे आहेत का?

दिसायला तशी वाटतात. प्रत्यक्षात हा खर्चाला लगाम घातलेला वर्ग आहे. सर्वांना एकच इंजिन, गिब्सन कंपनीचे ४.२ लिटरचे, आठ सिलिंडरचे व्ही८. आणि चॅसीला पर्याय असले तरी जवळपास सगळे संघ ओरेका ०७ वापरतात. त्यामुळे गाडीची सबब सांगता येत नाही, चालक आणि संघ यांचाच कस लागतो. हायपरकार वर्ग आला तेव्हा या गाड्या वरच्या वर्गाच्या अंगावर येऊ लागल्या, म्हणून त्यांची शक्ती कमी करून सुमारे ५३५ अश्वशक्तीवर आणण्यात आली. धाकट्याने थोरल्याच्या पुढे जाऊ नये म्हणून धाकट्याचे पाय बांधण्याचा हा प्रकार आम्हाला आजही फारसा पटलेला नाही.

हा वर्ग काय करू शकतो हे २०१७ मध्ये दिसले. त्या वर्षी वरच्या वर्गातील गाड्या एकामागून एक बंद पडल्या आणि शेवटच्या काही तासांत जॅकी चॅन डीसी रेसिंग या संघाची एलएमपी२ गाडी सर्व वर्ग मिळून आघाडीवर होती. शेवटी, शर्यतीच्या सुरुवातीच्या तासांतच दुरुस्तीत तासभर गमावलेल्या पोर्शने तिला गाठले आणि ती एकूण क्रमवारीत दुसरी आली.

एलएमजीटी३ मधील गाडी शोरूममध्ये मिळते तीच असते का?

नाव, रूपरेषा आणि इंजिनाचे कुळ तेच असते. बाकी बरेच बदललेले असते. पोर्श ९११, फेरारी २९६, कॉर्व्हेट, फोर्ड मस्टँग, बीएमडब्ल्यू एम४, लेक्सस, मॅक्लारेन, ॲस्टन मार्टिन व्हँटेज या गाड्यांच्या आतून गाद्या, पॅनेल, एअरबॅग काढून टाकतात, त्या जागी पोलादी पिंजरा बसवतात, मागे हवेच्या दाबासाठी मोठा आडवा पंख लावतात, आणि कंपनी ही तयार गाडी कोणत्याही खाजगी संघाला विकते. वजन साधारण तेराशे किलोच्या आसपास राहते. चाके लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि ती जागच्या जागी घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल या वर्गात चालते, कारण तो हौशी चालकांना समोर ठेवूनच आखलेला आहे.

जीटी३ हा नियमसंच २००६ पासून जगभर वापरात आहे, म्हणून हीच गाडी किरकोळ फेरफार करून अमेरिकेत, जर्मनीत, जपानमध्येही पळवता येते. या वर्गाच्या यशाचे खरे रहस्य तेच आहे. मोटारसायकलच्या शर्यतींतला व्हॅलेंटिनो रॉसी २०२४ आणि २०२५ मध्ये याच वर्गात बीएमडब्ल्यू चालवत होता.

अमेरिकेत वर्गांची नावे वेगळी का असतात?

तेथील मालिका इम्सा नावाची वेगळी संस्था चालवते. तिच्याकडे सर्वांत वरच्या वर्गाला जीटीपी म्हणतात. एलएमडीएच आणि एलएमएच या दोन्ही प्रकारांना तेथे प्रवेश आहे, म्हणून तीच कॅडिलॅक डेटोनात जीटीपी आणि ले मान्सला हायपरकार ठरते. त्याखाली एलएमपी२, आणि जीटी३ गाड्यांसाठी जीटीडी प्रो व जीटीडी असे दोन वर्ग आहेत. या शेवटच्या दोहोंत गाड्या सारख्याच असतात, फक्त चालकांचा दर्जा वेगळा असतो. जानेवारीतली डेटोनाची चोवीस तासांची आणि मार्चमधली सेब्रिंगची बारा तासांची शर्यत या मालिकेत येते. सेब्रिंग हा जुना विमानतळ आहे; त्याच्या काँक्रीटच्या सांध्यांवर गाड्या अशा आपटतात की तेथील बारा तास इतर ठिकाणच्या चोवीस तासांइतके भारी मानले जातात.

वेगवान गाडी हळू गाडीला ओलांडते तेव्हा जबाबदारी कोणाची?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल.

आपल्याकडे अनेकांच्या मनात भुसावळचे चित्र असते. मागून एक्स्प्रेस येत असली की मालगाडीला लूप लाइनवर घेतात, एक्स्प्रेस धडधडत निघून जाते आणि मग मालगाडीला सिग्नल मिळतो. शर्यतीतही हळू गाडीने असेच बाजूला व्हावे, असे नवख्या प्रेक्षकाला वाटते. पण येथे लूप लाइन नाही. हळू गाडीसुद्धा आपल्या वर्गात पहिल्या क्रमांकासाठी झगडत असते. प्रत्येक वेगवान गाडीसाठी ती बाजूला होत राहिली तर तिची स्वतःची शर्यत संपली. म्हणून प्रघात असा की ओलांडण्याची जबाबदारी वेगवान गाडीची, आणि आपल्या ठरलेल्या मार्गावर सरळ, अंदाज बांधता येईल अशा रीतीने चालत राहणे ही हळू गाडीची. निळा झेंडा किंवा निळा दिवा तिला मागून वेगवान गाडी येत असल्याची सूचना देतो. मुद्दाम अडवणूक केली तर दंड होतो, पण मदत करण्याच्या भरात एकाएकी बाजूला सरकणे हे अडवणुकीपेक्षाही घातक ठरते. जळगाव-भुसावळ महामार्गावर कापसाच्या ट्रॉलीला ओलांडताना ट्रॉलीवाल्याने ऐन वेळी ‘चांगुलपणा’ दाखवला तर काय होते, हे तेथे गाडी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

हे किती वेळा घडते याचा हिशोब सोपा आहे. ले मान्सची फेरी १३.६२६ किमीची आहे. हायपरकारला शर्यतीत एका फेरीला साधारण साडेतीन मिनिटे लागतात आणि जीटी३ ला साधारण चार. फेरीमागे अर्ध्या मिनिटाचा फरक धरला, तर एक हायपरकार एकाच जीटी३ गाडीला दर आठ फेऱ्यांनी, म्हणजे अठ्ठावीस मिनिटांनी पुन्हा गाठते. जीटी३ गाड्या चोवीस आहेत. म्हणजे हायपरकारच्या चालकापुढे सरासरी दर सत्तर सेकंदांनी एक जीटी३ उभी ठाकते, प्रत्येक फेरीत तीन. यात एलएमपी२ धरलेल्याच नाहीत. चोवीस तास, पाऊस असो वा अंधार, हेच चालू असते.

यात जागेचे महत्त्व फार. मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर ओलांडणे सोपे असते, कारण तेथे केवळ वेगाचा फरक कामी येतो. खरी परीक्षा पोर्श कर्व्ह्ज नावाच्या भागात होते. तेथे वळणे सलग आणि वेगवान आहेत आणि भिंती जवळ आहेत. प्रोटोटाइपला हवेचा दाब रस्त्याला चिकटवून ठेवतो, म्हणून ती तेथे जीटी३ पेक्षा कितीतरी वेगाने वळू शकते. पण वळणाच्या तोंडाशीच जीटी३ आडवी आली तर तो भाग संपेपर्यंत तिच्या मागे घुटमळत राहावे लागते आणि काही सेकंद हातचे जातात. त्यामुळे मुरलेला चालक समोरच्या गाडीचे दिवे दिसताच मनात मोजणी सुरू करतो : हिला कर्व्ह्जच्या आधी गाठायचे, की थोडा वेग रोखून कर्व्ह्जनंतर?

ही मोजणी चुकली की काय होते ते २०११ मध्ये दिसले. पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची आउडी एका जीटी फेरारीला घासून भिंतीवर आदळली आणि रात्री माइक रॉकेनफेलरची आउडी दुसऱ्या एका जीटी फेरारीला ओलांडताना चक्काचूर झाली. दोघेही चालक वाचले. उरलेल्या एकुलत्या एका आउडीने शर्यत जिंकली, तीही अवघ्या चौदा सेकंदांच्या फरकाने. पुढच्याच वर्षी अँथनी डेव्हिडसनची टोयोटा अशाच धडकेनंतर हवेत उडाली आणि त्याच्या पाठीचे मणके मोडले. त्यानंतरच्या काळात जीटी गाड्यांच्या मागे रडार आणि कॅमेरा बसवण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे चालकाला मागून काय येत आहे आणि ते कोणत्या बाजूने जाईल हे पडद्यावर दिसते.

पाहताना वर्ग कसा ओळखावा?

दारावरच्या क्रमांकाच्या पट्टीचा रंग पाहावा. ले मान्सला हायपरकारला लाल, एलएमपी२ ला निळा आणि एलएमजीटी३ ला नारिंगी रंग असतो. अमेरिकेत हे रंग निराळे असतात, त्यामुळे तेथील लाल म्हणजे सर्वांत वेगवान असे समजू नये. रात्री दिव्यांवरून कळते : ले मान्सला प्रोटोटाइपचे दिवे पांढरे आणि जीटीचे पिवळे ठेवण्याचा प्रघात आहे. अंधारात आरशात पांढरे दिवे मोठे होताना दिसले की जीटीच्या चालकाने काय ते समजून घ्यायचे.

चालकांना सुवर्ण, रौप्य, कांस्य असे दर्जे कोण देते आणि का?

हे दर्जे एफआयए, म्हणजे मोटारशर्यतींची जागतिक संस्था, ठरवते. ते चार आहेत : प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. प्लॅटिनम आणि गोल्ड हे व्यावसायिक, सिल्व्हरमध्ये बहुधा होतकरू तरुण, आणि ब्राँझ म्हणजे प्रामुख्याने हौशी चालक, ज्यांनी उदाहरणार्थ तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा शर्यतीचा परवाना काढला. एलएमजीटी३ मध्ये प्रत्येक गाडीवर एक ब्राँझ चालक असणे सक्तीचे आहे आणि त्याने ठरलेला किमान वेळ गाडी चालवावीच लागते.

हा नियम वरवर विचित्र वाटतो, पण या वर्गाचा खर्च बऱ्याचदा हाच ब्राँझ चालक उचलत असतो. त्याचा दिवसभराचा व्यवसाय निराळा असतो आणि शनिवारी-रविवारी तो प्लॅटिनम चालकांच्या शेजारून गाडी हाकतो. अनेकदा या वर्गातली शर्यत जिंकतो तो सर्वांत चांगला व्यावसायिक असलेला संघ नव्हे, तर ज्याचा ब्राँझ चालक सर्वांत कमी चुका करतो तो संघ. दर्जा कमी मिळावा म्हणून जाणूनबुजून हात राखून चालवणारेही असतात. त्यावरून दर हंगामात कुरबूर होते.

‘बीओपी’वरून एवढी भांडणे का होतात?

बीओपी म्हणजे गाड्यांची कामगिरी समतोल करण्याची पद्धत. बारा सिलिंडरची वाल्किरी आणि सहा सिलिंडरची हायब्रिड टोयोटा यांना एका तराजूत घालायचे तर आयोजक कोणाचे वजन वाढवतात, कोणाची शक्ती घटवतात, ताशी २५० किमीच्या पुढे कोणाला किती शक्ती मिळेल ते ठरवतात, आणि एका टप्प्यात, म्हणजे दोन थांब्यांमधल्या धावेत, किती ऊर्जा वापरता येईल याचीही मर्यादा घालतात. त्यामुळे जो हरतो तो तराजूला दोष देतो. आमचे मत असे की बीओपी नसती तर आज या वर्गात दोन-तीनच कंपन्या उरल्या असत्या. पण ती आहे म्हणून हुशारीने गाडी बनवल्याचे बक्षीस काही अंशी कापले जाते, हा आक्षेपही खोटा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि चाहत्याने त्या दोन्हींसह जगावे.

एक चालक सलग किती वेळ गाडी चालवतो?

ले मान्सला कोणत्याही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त आणि संपूर्ण शर्यतीत चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. रावेरहून दिल्लीला केळीचा ट्रक घेऊन जाणाऱ्या दोघा चालकांप्रमाणेच येथेही एकाने चालवायचे आणि दुसऱ्याने पडायचे. झोप मात्र दोघांच्याही वाट्याला तुटक-तुटकच येते.

गाडीत इंधन कोणते असते आणि पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठीच्या थांब्यावर, काय चालते?

डब्ल्यूईसीमध्ये २०२२ पासून पूर्णतः नवीकरणीय इंधन वापरले जाते. ते वाइन तयार झाल्यावर उरणाऱ्या चोथ्या-गाळापासून बनवतात. मळी आणि इथेनॉल यांचे नाते ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पिटमध्ये इंजिन बंद करून इंधन भरतात आणि तेवढ्यात चालक बदलतो; टायर मात्र इंधन भरून झाल्यावरच बदलायचे असतात. म्हणून जुन्याच टायरवर आणखी एक टप्पा काढायचा का, हा हिशोब रात्रभर चालतो. रात्री रस्ता थंड असला की टायर कमी झिजतात आणि दोन-तीन टप्पे एकाच संचावर निघतात.

विजेता नेमका कसा ठरतो?

सर्वाधिक अंतर कापणारी गाडी एकूण विजेती, आणि प्रत्येक वर्गात सर्वाधिक अंतर कापणारी त्या वर्गाची विजेती. पण यात एक अट आहे : शेवटची फेरी ठरलेल्या वेळेत पूर्ण करावी लागते. २०१६ मध्ये टोयोटा आघाडीवर असताना शेवटच्या काही मिनिटांत तिची शक्ती गेली आणि ती अंतिम रेषेपाशी थांबली. पोर्श पुढे निघून गेली. टोयोटाने रखडत शेवटची फेरी पुरी केली, पण मर्यादा सहा मिनिटांची असताना तिला त्याहून बराच जास्त वेळ लागल्याने तिचे नाव निकालपत्रात वर्गीकृत गाड्यांमध्येच आले नाही. तेवीस तास पंचावन्न मिनिटांहून अधिक काळ धावलेल्या गाडीच्या नावापुढे एक रिकामी जागा!

१९६६ मध्ये फोर्डने आपल्या गाड्या जोडीने रेषा ओलांडतील असा बेत केला. तेव्हा निकाल असा लागला की सुरुवातीच्या रांगेत ज्या गाडीची जागा मागे होती तिने तेवढे अंतर जास्त कापले, म्हणून ती जिंकली. छायाचित्रासाठी केलेला थाटमाट आघाडीवर असलेल्या केन माइल्स या चालकाला महागात पडला.

खाजगी संघही जिंकू शकतात. २०२५ मध्ये फेरारी ४९९पीची पिवळी गाडी चालवून रॉबर्ट कुबिका, ये यिफेई आणि फिल हॅन्सन यांनी फेरारीच्याच कारखान्याच्या संघाला मागे टाकले. हा तोच कुबिका, ज्याचा उजवा हात २०११ च्या रॅलीतील अपघातात जवळजवळ निकामी झाला होता.

ही शर्यत धोकादायक नाही का?

आहे. ११ जून १९५५ रोजी ले मान्सला पिएर लवेग याची मर्सिडीज एका हळू गाडीला मागून धडकली आणि तिचे अवशेष प्रेक्षकांत घुसले. लवेगसह ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली. त्याही अपघाताचे मूळ वेगातील तफावत हेच होते. आज पिट आणि मुख्य रस्ता यांच्यात भिंत आहे, मुल्सानच्या सरळ रस्त्यावर १९९० पासून वेग मोडणारी दोन वळणे आहेत, आणि अपघात झालेल्या भागापुरती ताशी ८० किमीची मर्यादा लागू करता येते.

सगळ्याच चोवीस तासांच्या शर्यती बहुवर्गीय असतात का?

नाही. बेल्जियममधील स्पाची चोवीस तासांची शर्यत आता केवळ जीटी३ गाड्यांची आहे. तेथे विभागणी चालकांच्या दर्जावरून होते. जर्मनीतील नुर्बुर्गरिंगची शर्यत दुसऱ्या टोकाला आहे : पंचवीस किलोमीटरची डोंगरातली फेरी, शंभराहून जास्त गाड्या, आणि त्यांत जीटी३ पासून घरगुती वाटावी अशा डाचिया लोगानपर्यंत सर्व काही. ही लोगान म्हणजे आपल्याकडे महिंद्रने विकलेली तीच गाडी. तिला ओलांडणाऱ्या जीटी३ गाड्यांची रांग पाहिली की आपले शेजारपाजारचे रस्तेच आठवतात.

भारतीय चालक यात उतरले आहेत का? खान्देशातून कोणाला जायचे असल्यास?

करुण चंडोकने २०१२ मध्ये ले मान्सला शर्यत पूर्ण केली आणि त्याची गाडी एकूण सहाव्या क्रमांकावर आली. त्याआधी २००९ मध्ये नारायण कार्तिकेयनचे नाव एका आउडीवर होते, पण शर्यतीच्या आधीच खांदा निखळल्याने त्याला उतरता आले नाही.

आपल्या भागात सर्किट नाही. चेन्नई, कोइमतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. परवाना एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था देते. ब्राँझ दर्जामुळे तिशी उलटलेल्यालाही दार पूर्ण बंद नाही, ही या प्रकाराची जमेची बाजू. मात्र दाराबाहेर उभा असलेला खर्च ट्रॅक्टरच्या हप्त्यांसारखा मुळीच नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

भारतीय वेळेनुसार ले मान्स कधी असते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याने काय करावे?

शर्यत जूनमधल्या एका शनिवारी फ्रान्समध्ये दुपारी चार वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता सुरू होते आणि रविवारी त्याच वेळी संपते. तिकडे अंधार पडतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचा साधारण दीड वाजलेला असतो. आमच्यापैकी केळीला रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणाऱ्या एका चाहत्याने यावर तोडगा काढला आहे : मोटरीच्या खोलीच्या दाराशी खाटेवर बसायचे, मोबाइल स्टार्टरच्या पेटीवर टेकवायचा आणि बारे बदलण्याच्या मधल्या वेळात शर्यत पाहायची.

तो आघाडीच्या गाडीकडे पाहत नाही. संध्याकाळीच नारिंगी पट्टीची एखादी गाडी निवडतो आणि रात्रभर तिच्याच क्रमांकावर लक्ष ठेवतो : तिला कोणी, कोठे, कसे ओलांडले, ब्राँझ चालक कधी बसला, किती सेकंद गेले, किती परत मिळाले. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिकडे उजाडते आणि काजळी-चिखलाने माखलेली ती गाडी पडद्यावर पुन्हा दिसते, तेव्हा तिचा क्रमांक वाचता येत नसला तरी ती त्याला ओळखू येते.